मार्गशीर्षातला नाताळ

१२ डिसेंबरला गुरुवार होता, मार्गशीर्षातला दुसरा. खाली घरमालकीण काकूंनी महालक्ष्मीचा कलश मांडला होता आणि उदबत्तीचा वास जिना चढून माझ्या खोलीपर्यंत आला होता. मी नुकतीच बँकेतून आले होते. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, जेवणाच्या डब्याच्या झाकणात माती घालून, रात्रभर भिजवलेले गहू पेरत बसले होते. काकू प्रसादाचं केळं द्यायला वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं, घट बसवतेस की काय? आत्ता? मार्गशीर्षात?"

मी म्हटलं, काकू, गोठ्यासाठी आहे. त्यांना वाटलं मी म्हशी-बिशींचं काही बोलतेय. मग सगळंच सांगावं लागलं. येशूचा जन्म गोठ्यात झाला, नाताळला आम्ही घरात तो गोठा मांडतो, आणि त्याच्यापुढच्या कुरणासाठी दहा-बारा दिवस आधी गहू नाहीतर नाचणी पेरतो. काकूंनी ऐकून घेतलं आणि मातीला बोट लावून पाहिलं.

"पाणी जास्त झालंय. काळी माती आहे ही, तुमच्याकडची नव्हे. नुसतं शिंपडायचं. घटाला घालतो तेवढंच."

बरोबरच होतं त्यांचं. आमच्या वसईच्या वाडीतली माती ओतलेलं सगळं पाणी पिऊन टाकते. नगरची माती भिजली की चिखल आणि सुकली की वीट. काकू गेल्यावर मी झाकण तिरपं करून पाणी काढलं आणि मग कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा गोठ्याचे गहू एकटीने पेरत होते. घरी हे काम पप्पांचं. आमचं काम फक्त रोज सकाळी उठून 'उगवले का' हे बघण्याचं.

घरी जाता येणार नाही हे नोव्हेंबरातच कळलं होतं. २०२४ चा नाताळ बुधवारी आला. मंगळवारी बँक चालू, गुरुवारी चालू. मध्ये एक दिवस सुट्टी. नगरहून आमच्या घरी जायचं म्हणजे एसटीने आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड करत कल्याण, तिथून लोकलने दिवा, दिव्याहून वसईची गाडी, जी दिवसातून मोजक्या वेळा सुटते, आणि पुढे रिक्षा. सगळं जुळून आलं तर सात-आठ तास. जुळून येत नाही. रजा मागितली तर शाखेत तपासणी लागलेली, दोघे आधीच रजेवर आणि मी सगळ्यांत नवी. साहेब वाईट नव्हते. त्यांनी कॅलेंडर माझ्याकडे वळवून दाखवलं. "बुधवारी सुट्टीच आहे की तुमच्या सणाची. आणि २८ ला चौथा शनिवार, २९ ला रविवार. तेव्हा जाऊन या निवांत."

त्यांच्या हिशेबात काही चूक नव्हती. दिवाळीत लक्ष्मीपूजनाची एक सुट्टी देऊन 'बाकी पुढच्या शनिवारी करा' असं त्यांना कुणी म्हटलं असतं तर काय वाटलं असतं, हे मी विचारलं नाही. प्रोबेशनवर असताना असले प्रश्न विचारायचे नसतात.

आमचं घर नंदाखालजवळ. तिथलं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ सालचं. आमच्या भागात नाताळ डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासूनच हवेत असतो. आगमन काळ लागला की पोरं बांबू शोधायला लागतात, कारण तारा जितका उंच तितकी गल्लीची इज्जत. शेताच्या कडेला, विहिरीजवळ, चौकात गोठे उभे राहायला लागतात. आणि गोठे म्हणजे टेबलावरचे नव्हेत. डोंगर, ओढा, पाणचक्की, विजेवर मान हलवणारी गाय असं सगळं. शेवटच्या दोन रात्री ते बघायला विरार-नालासोपाऱ्याहून एवढी माणसं येतात की रिक्षावाले आमच्या रस्त्याला यायला नकार देतात.

पण मला नगरमध्ये आठवत राहिली ती कुलकुलांची संध्याकाळ. नाताळच्या आदल्या आठवड्यातला कुठलातरी दिवस ठरतो. मावश्या, काकू, शेजारच्या दोघी-तिघी, आणि मधोमध लाल लुगड्यातली आजी. मैद्याची चिमुकली गोळी घ्यायची, काट्या-चमच्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि अंगठ्याने सरकवत गुंडाळायची. शिंपल्यासारखा आकार येतो. हा कंगवा मुद्दाम नवा आणलेला असतो, तरी दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "नक्की नवा ना?" आणि दरवर्षी तितकंच हसतात. चार-पाच तास बोटं चालतात आणि तोंडं त्याहून जोरात चालतात. गावातली निम्मी लग्नं या परातीभोवती ठरली असावीत आणि निम्मी मोडलीही असावीत. सगळं कादोडीत. ही आमची घरची बोली. प्रमाण मराठी ही आमची शाळेची, मिस्सेची म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, वर्तमानपत्राची भाषा. रागवायचं, रडायचं, चेष्टा करायची ती कादोडीतच. नगरला येऊन तीन महिने झाले होते आणि फोन सोडला तर कादोडीतला एक शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला नव्हता. एकदा टाचणी टोचली तेव्हा मी आपोआप कादोडीत ओरडले. समोरच्या ग्राहकाने 'काय झालं मॅडम' असं हिंदीत विचारलं.

हिंदीत, कारण माझं आडनाव काउंटरवरच्या पाटीवर लिहिलेलं. वसईतल्या ख्रिस्ती माणसांची आडनावं पोर्तुगिजांनी दिलेली. १५३४ साली वसई त्यांच्या ताब्यात गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. पोर्तुगीज गेले, आडनावं राहिली. रुजू झाले त्या दिवशी शाखेत पहिला प्रश्न आला, "गोव्याच्या का?" वसईची म्हटल्यावर दुसरं वाक्य, "पण मराठी छान बोलता हो!" हे कौतुक ऐकून मी हसते. आम्ही सगळेच हसतो. आमच्या गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच वर्षी २५ जुलैला गेले. चाळीसेक वर्षं मराठीत लिहून, बायबलचं मराठी भाषांतर करून, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होऊनही त्यांना हे वाक्य ऐकावं लागलं नसेल असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

तर त्या पहिल्या दिवशी सगळे माझ्या मराठीचं कौतुक करत असताना कॅशच्या मॅडम मान खाली घालून नोटा मोजत होत्या. पन्नाशी उलटलेल्या, आडनाव असं की नगर जिल्ह्यात हाक मारली तर चारशे माणसं वळून बघतील. तीन महिने मी त्यांना 'मॅडम' म्हणत होते, त्या मला 'मॅडम' म्हणत होत्या. डिसेंबरच्या मध्याला थंडीची लाट आली. मफलर गुंडाळून त्या चहाला माझ्याशेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाताळला घरी नाही जायचं म्हणे?"

"रजा नाही मिळाली."

"मग आमच्याकडे या. आमचाही नाताळच आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला क्षणभर वाटलं त्या सौजन्याने बोलतायत, 'ईद काय, नाताळ काय, सगळे सण आपलेच' अशा थाटात. त्यांना माझा चेहरा वाचता आला असावा. "अहो, पाच पिढ्यांचे ख्रिस्ती आहोत आम्ही," त्या म्हणाल्या. "तुमच्या आडनावावरून लोकांना लगेच कळतं. आमच्यावरून कुणाला कळत नाही. दोन्हीचा त्रास वेगवेगळा." मग चहा संपवून उठल्या, कारण टोकन पुकारायचं होतं.

घरून पार्सल आलं ते १९ तारखेला. हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीत कुलकुलं, वरच्या थरातली तुटलेली. केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ही आमच्याकडची खास चीज. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मेंढी. एकच. प्लास्टरची, डावा कान उडालेली. आईला फोन केला तर म्हणाली, "पप्पांनी घातलीय. तुझ्या गोठ्याला. बाकीची आमच्या गोठ्याला लागतात."

एव्हाना गहू चार बोटं वर आले होते. मी खिडकीतल्या कट्ट्यावर झाकण ठेवलं, त्यात मेंढी उभी केली आणि मागे पुठ्ठ्याचं छप्पर टेकवलं. काकूंचा नातू वर आला, चौथीतला. "हे कुत्रं आहे?" त्याला सगळी गोष्ट सांगितली. त्याने गंभीरपणे ऐकली आणि विचारलं, "मेंढपाळ कुठाय?" मी म्हटलं, वसईला. तो खाली गेला आणि दिवाळीच्या किल्ल्यातला एक मावळा घेऊन आला, ढाल-तलवारीसकट. "हा राखेल मेंढी."

मला तोवर कधी सुचलंच नव्हतं की किल्ला आणि गोठा ही एकच कला आहे. माती, पुठ्ठा, दगडांचे डोंगर, काचेच्या तुकड्याचं तळं. किल्ल्यावर हिरवळ यावी म्हणून इथली पोरं अळीव पेरतात, आम्ही गहू पेरतो. नातवाने मला किल्ल्याच्या दगडांबद्दल दोन सूचनाही केल्या. त्या मी पप्पांना कळवल्या. पप्पांना त्या पटल्या नाहीत.

२२ तारखेच्या रविवारी रात्री कॅशच्या मॅडमनी त्यांच्या मंडळीच्या कॅरलच्या फेरीला बोलावलं. माझ्या डोक्यात कॅरल म्हणजे टेम्पो, गिटार, स्पीकर आणि लाल टोपीतला सांताक्लॉज. इथे मफलर, कानटोप्या, एका काकांच्या गळ्यात अडकवलेली पेटी, ढोलकी आणि चार टाळ. एका घरापुढे थांबून त्यांनी जे सुरू केलं ते ऐकून मला आधी वाटलं आपण चुकून वारकऱ्यांच्या दिंडीत शिरलो. अभंग होता. शब्दांत बेथलेहेम होतं, गव्हाण होती, पण ठेका पंढरीचा. आमच्याकडेही मराठी गीतं आहेत, व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन गेलं आणि मिस्सा मराठीत आली तेव्हापासून. पण त्यांना साथ कीबोर्डची आणि चाली चर्चच्या. येशूसाठी टाळ वाजताना मी कधी ऐकले नव्हते. पुढच्या घरी कुणीतरी माझ्या हातात टाळांची जोडी दिली. मला वाजवता येत नव्हते. थंडीत पितळ इतकं गार लागत होतं की बोटं सुन्न झाली, म्हणून ठेका चुकला, असं मी म्हणाले. कुणी विश्वास ठेवला नाही.

परतताना मॅडमनी टिळकांचं नाव काढलं. आमच्या शाळेत रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे 'फुलामुलांचे कवी', परीक्षेत एक गुण. इथे मात्र त्यांच्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखं बोलतात. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे बरीच वर्षं ते नगरला राहिले. ख्रिस्ताची भक्ती तुकोबांच्या भाषेत करायची हा त्यांचा ध्यास. विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेले शब्द गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग दिले. "आमच्या आजीला लिहिता येत नव्हतं," मॅडम म्हणाल्या, "पण टिळकांची गाणी सगळी तोंडपाठ. भाकरी थापताना म्हणायची."

२४ च्या रात्री मी भिंगारजवळच्या कॅथलिक चर्चला गेले. कितीही टाळ वाजवले तरी नाताळच्या रात्री मिस्सा चुकवणं मला जमण्यातलं नव्हतं. तिथे एक वेगळीच गंमत दिसली. नगरला लष्कराची मोठी छावणी. निम्म्या बाकांवर जवान आणि त्यांची कुटुंबं. कुणी झारखंडचं, कुणी केरळचं, कुणी मिझोरामचं असावं. वाचन एक मराठीत, एक हिंदीत, गाणी इंग्रजीत. त्या सगळ्या गर्दीत नगरची माणसं थोडी आणि घरापासून लांब आलेली जास्त. माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर बाळ झोपलं होतं आणि ती फोनवर, आवाज बंद करून, कुठल्यातरी दुसऱ्याच चर्चमधली मिस्सा बघत होती. पडद्यावर नारळाची झाडं दिसत होती. मी तिच्या फोनकडे बघते आहे हे लक्षात आल्यावर तिने तो थोडा माझ्या बाजूला सरकवला.

आमच्या घरी बाळ येशूची मूर्ती बारा वाजेपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत. ती रुमालात गुंडाळून आईच्या कपाटात असते आणि मिस्सेहून आल्यावर घरातल्या सगळ्यांत लहानाने ती ठेवायची. सत्तावीस वर्षांची झाले तरी सगळ्यांत लहान मीच. साडेबाराला मी खोलीवर पोचले तेव्हा व्हिडिओ कॉल आला. पप्पांनी फोन गोठ्यापुढे धरला होता आणि मागून आई ओरडत होती, "तिला दिसू दे नीट." दादाने बाळ ठेवलं. उलटं ठेवलं, पाय डोक्याच्या जागी. मी इकडून ओरडले. मग सगळ्यांनी मिळून ते सरळ केलं. तेवढ्यात नेटवर्क गेलं आणि पप्पांचा अंगठा तेवढा पडद्यावर गोठून राहिला. मी दिवा मालवला. रडले का? थोडी. थंडीही होती.

सकाळी नऊला मॅडमच्या चर्चमध्ये. जुनं दगडी प्रोटेस्टंट चर्च, आत पुतळा नाही, मेणबत्त्यांची रांग नाही, साधा क्रूस आणि कागदी साखळ्या. दारात प्रत्येक जण हात पुढे करून 'सलाम' म्हणत होता. इकडच्या ख्रिस्ती लोकांचा हाच नमस्कार. पाळकसाहेबांचं प्रवचन पाऊण तास चाललं. आमच्या फादरांनी एवढं लांबवलं असतं तर मागच्या बाकांवरची पुरुषमंडळी विडीला बाहेर गेली असती. मग प्रभूची प्रार्थना सुरू झाली. ही तर माझीच, लहानपणापासूनची. मी मोठ्याने म्हणायला लागले. एक-दोन शब्द इकडेतिकडे, पण जमत होतं. 'वाइटापासून सोडव' आलं आणि मी खणखणीत 'आमेन' म्हणून मोकळी झाले. सगळं चर्च मात्र पुढे चालूच. 'कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव...' आम्ही कॅथलिक जिथे थांबतो तिथे हे थांबत नाहीत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुढच्या बाकावरची दोन पोरं वळून बघून फिदीफिदी हसली. मॅडम ओठ न हलवता म्हणाल्या, "होतं असं. आमचं उलटं होतं तुमच्याकडे आल्यावर."

दुपारी त्यांच्या घरी जेवण. ताटात आधी फराळ आला. करंजी, शंकरपाळी, चिवडा, चकली, बेसनाचा लाडू. मला वाटलं पाहुणीसाठी बाहेरून आणलंय. तर नाही, नाताळचा फराळ हाच. भिंतीला नवा रंग होता, दारात रांगोळी होती, पोरांच्या अंगावर कोरे कपडे होते. केकही होता, पण तो बेकरीचा आणि कोपऱ्यात. मग बोकडाचं मटण आणि बाजरीची भाकरी. आमच्याकडे या वेळी डुकराच्या मांसाचं इंद्याल आणि ताडी घालून फुगवलेली सांदणं असतात. डुकराचं मांस म्हटल्यावर मॅडमच्या सासूबाईंनी चेहरा असा केला की मी विषय बदलला.

मला त्या फराळाची खरी गंमत नंतर कळली. नगरला मिशन आलं १८३१ मध्ये, बोस्टनहून काम चालवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या प्रोटेस्टंट संस्थेचं. ज्या प्युरिटन परंपरेतून ते लोक आले तिथे नाताळ म्हणजे जवळजवळ पाप. मॅसेच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदाच होता. तो १६८१ ला रद्द झाला, पण अढी पुढेही कितीतरी वर्षं गेली नाही. म्हणजे नाताळ कसा साजरा करायचा हे शिकवायला ती माणसं फारशी लायक नव्हती. त्यांनी धर्म दिला आणि सण रिकामा ठेवला. मग इथल्या बायकांनी त्यात आपल्याला येत होतं ते भरलं, करंजी आणि चकली. नावसुद्धा अमेरिकनांचं नाही. नाताळ हा शब्द पोर्तुगीज, आमच्या किनाऱ्यावर उतरलेला. तो माळशेज कधी चढून वर आला कोण जाणे. आमचं उलटं झालं. पोर्तुगिजांनी आम्हाला सण भरगच्च दिला, आडनावापासून कुलकुलापर्यंत, आणि आम्ही त्यात बोली तेवढी आपली राखली.

जेवताना मी जे बोलले नाही ते इथे लिहून टाकते. आमच्या वसईत बाप्तिस्म्याला साडेचारशे वर्षं झाली तरी लग्न जमवताना सामवेदी, वाडवळ की कोळी, ही मूळची जात विचारतातच. आजी फार प्रेमळ होती, पण घाटावरच्या ख्रिस्ती लोकांचा विषय निघाला की 'ते दुष्काळात झालेले' असं म्हणायची आणि तिच्या ओठांना एक मुरड पडायची. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इथे पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले हे खरंच. त्या मुरडीचं काय करायचं, हे मला बाजरीची भाकरी मोडताना कळत नव्हतं. मॅडमना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे आमचे पणजोबा. गावकुसाबाहेरचे. मिशनच्या शाळेत पोराला आत बसू देतात, एवढ्यासाठी गेले. देव नंतर भेटला." सावित्रीबाई फुले शिकवायचं शिकल्या ते नगरमधल्याच मिशनच्या मिस फॅरर यांच्याकडे, असंही त्यांनी सांगितलं. सांगताना सासूबाईंना आणखी एक भाकरी वाढली. मला 'मॅडम' म्हणणं त्यांनी केव्हा सोडलं ते लक्षात आलं नाही. निघताना म्हणाल्या, "पोरी, डबा घेऊन जा. आणि कानाला बांध काहीतरी."

डब्यात करंज्या आणि शंकरपाळ्या होत्या. घरी आल्यावर त्यातल्या निम्म्या काकूंना द्याव्या असं मनात आलं, मग थबकले. दुसऱ्या दिवशी गुरुवार, मार्गशीर्षातला शेवटचा, त्यांचं उद्यापन. दुसऱ्याच्या सणाचं अन्न चालेल की नाही? अंड्याचा केक तर नाहीच. शेवटी एका बशीत करंज्या आणि दुसरीत आईची सुकेळी घेऊन खाली गेले आणि सरळच विचारलं.

काकूंनी सुकेळीचं सोपट सोडवलं, वास घेतला. "केळ्याचंच ना हे? मग फळच झालं." पूजेसाठी पाच फळं मांडली होती, त्यात त्यांनी ती ठेवली. संत्रं, सफरचंद, पेरू, चिकू, बोरं आणि वसईचं सुकेळं, म्हणजे सहा झाली. काकूंनी बोरं उचलून नातवाला दिली. करंजीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "सारणात खसखस कमी आहे. पण तळलीय छान. कुणी केल्यात?" सांगितलं. "त्या कॅशवाल्या? त्या तुमच्यातल्या आहेत?" आणि मग थोडं थांबून, "पंधरा वर्षं बघतेय त्यांना."

सकाळी मी बँकेत निघाले तर काकू वर आलेल्या. न्हायलेल्या, हिरवी साडी, नाकात नथ. खिडकीतल्या कट्ट्यापाशी उभ्या होत्या. गहू एव्हाना वीतभर झाले होते, मावळा कमरेपर्यंत बुडाला होता आणि मेंढीचा फक्त उरलेला कान दिसत होता.

"याचं काय करतात तुमच्यात?"

"काही नाही. तीन राजांच्या सणापर्यंत ठेवतो. जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत. मग सुकतं."

"सुकू देतात होय!" काकूंना ते मुळीच पसंत पडलं नाही. त्यांनी कडेचे चार-पाच कोंब खुडले, माझं डोकं धरून वळवलं आणि वेणीच्या मुळाशी खोचले. "घटाचं असं करायचं असतं. जा आता, उशीर होईल."

मी ते काढणार होते, कोपऱ्यावर गेल्यावर. रिक्षा लगेच मिळाली आणि राहून गेलं. शाखेत शटर नुकतं वर गेलं होतं, पेन्शनवाल्यांची रांग लागली होती. कॅशच्या मॅडमनी शंभराच्या गड्डीतून मान वर केली, माझ्या केसांकडे पाहिलं आणि मोजणं न थांबवता म्हणाल्या, "दसरा झाला की हो, मॅडम."